टाकून द्या, दाजी!

जावई सासरी गेला की त्याचे दोन अपमान ठरलेले असतात. एक जेवताना आग्रह न केल्याचा आणि दुसरा आग्रह करकरून त्याचं वय काढल्याचा. २०२५ च्या दिवाळीत सांगलीला माझा तिसऱ्याच जातीचा अपमान झाला. जेवणं झाली होती, सुपारी फिरत होती. एका सोसायटीचा हिशेब पुरा करायचा म्हणून मी माझा लॅपटॉप उघडला. बटण दाबलं. सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं, चहा झाला, कपात ओतला, गार झाला. लॅपटॉपच्या पडद्यावर गोल चकरी फिरतच होती. धाकटा मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे खांद्यावरूनच बघतो. शेवटी म्हणाला,

"टाकून द्या, दाजी!"

एवढंच. पण सगळ्या घरासमोर. सासरे पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे असे बघायला लागले की टाकून द्यायची वस्तू नेमकी कोणती याबद्दल त्यांचा काही गैरसमज झाला असावा.

त्या तीन शब्दांशी माझं भांडण आहे, आणि ते मेहुण्यापुरतं नाही. हल्ली हा एक पंथच निघाला आहे. मिक्सर थांबला, टाकून द्या. छत्रीची काडी मोडली, टाकून द्या. मोबाईलची बॅटरी दमली, अख्खा मोबाईल टाकून द्या. या पंथाची दीक्षा घ्यायला अक्कल लागत नाही, हप्ते लागतात. आणि हप्ते कुठून येतात हे मी रोज दहा ते पाच काउंटरच्या आतल्या बाजूने बघत असल्यामुळे मला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे असं मी समजतो.

आता आरोपीची थोडी माहिती. हा लॅपटॉप मी २०१४ साली सणासाठी बँकेकडून मिळालेल्या उचलीत आणखी पैसे घालून अडतीस हजारांना घेतला. आतला प्रोसेसर इंटेलचा, चौथ्या पिढीचा. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि कडेला डीव्हीडीचा खण. हा खण काही वर्षांपूर्वी तोंड मिटून बसला तो बसलाच. बॅटरी बावीस मिनिटं चाले, तीही घरात लग्नकार्य असल्यासारखी लगबग करून. पंखा असा घरघरायचा की शेजारचे विचारत, "पिठाची गिरणी घातलीत काय?"

आणि सर्वांत भयंकर म्हणजे तारीख. रोज सकाळी चालू केला की त्यात १ जानेवारी २०१४ उगवायची. इतर लोकांना हे गमतीचं वाटेल. पण मी बँकेतला माणूस. मागच्या तारखेची नोंद म्हणजे आमच्याकडे थेट चौकशी! शिवाय तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पानं उघडत नाहीत. प्रत्येक पानाच्या दाखल्याला मुदत असते आणि २०१४ सालात बसून पाहिलं तर ते सगळे दाखले अजून जन्मालाच यायचे असतात. मी रोज सकाळी तारीख दुरुस्त करायचो. अकरा वर्षांचं अंतर मी रोज अर्ध्या मिनिटात काटत होतो.

साताऱ्याला परत आल्यावर बायकोच्या समाधानासाठी मी एका दुकानात गेलो. तिथला मुलगा फारच गोड. त्याने माझा लॅपटॉप दोन बोटांनी उचलला, जसं पावसाळ्यात ओलं पायपुसणं उचलतात. म्हणाला, "काका, याचं आता काही होत नाही. नवीन चोपन्न हजार नऊशे नव्वद. बॅग फ्री. हा दिलात तर हजार रुपये कमी करू."

हजार! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घसारा हा माझा बी.कॉम.ला एकमेव चांगले मार्क पडलेला विषय. आयकराच्या नियमाने संगणकावर वर्षाला चाळीस टक्के घसारा धरतात, तोही घटत्या शिलकीवर. मी तिथल्या तिथे पावतीच्या पाठीमागे हिशेब केला. अडतीस हजारांवर अकरा वर्षं चाळीस टक्के: उरले एकशे अडतीस रुपये. म्हणजे तो मुलगा मला पुस्तकी किमतीच्या सातपट देत होता आणि मीच त्याच्याकडे खाऊ का गिळू असा बघत होतो. पण या पद्धतीची एक गंमत मास्तरांनी सांगितली होती ती तेव्हा आठवली. घटत्या शिलकीच्या पद्धतीत वस्तूची किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्य होत नाही. खुद्द आयकर खातं ज्याला शून्य म्हणायला तयार नाही, त्याला हा मिसरूड फुटलेला पोरगा ‘काही होत नाही’ म्हणतो!

मी लॅपटॉप पोटाशी धरून बाहेर पडलो. बाहेर पडलो आणि मला वडिलांची ‘प्रिया’ आठवली.

तरुण वाचकांनी दचकू नये. प्रिया म्हणजे स्कूटर. आणि ती आमच्या साताऱ्याची! बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. आता तिथे स्कूटर निघत नाही, पण साताऱ्यातला माझ्या वयाचा माणूस प्रियाच्या फूटबोर्डवर उभा राहून लहानाचा मोठा झालेला आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून १९८३ साली घेतली. पुढची सव्वीस वर्षं तिच्यात काय बदललं नाही असं विचारा. क्लचची केबल तर डिकीत एक जादाच असे. प्लेटा बदलल्या, सीट दोनदा शिवलं, सिलिंडरला बोअर मारून मोठा पिस्टन बसवला, पत्रा गंजला तिथे पत्रा डकवला. सकाळी चालू झाली नाही तर वडील तिला एका अंगावर कलती करत, कानात काहीतरी पुटपुटत, आणि किक मारत. पुटपुटलेलं आम्हा मुलांना ऐकू देत नसत. पण ‘टाकून द्या’ असं तिच्याबद्दल पोवई नाक्यावरच्या एकाही मेकॅनिकने कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वडिलांनी मेकॅनिक बदलला असता.

त्याच परंपरेला स्मरून मी आधी स्वतःच कंबर कसली. कुणीतरी सांगितलं, रॅम वाढवा. मी आठ जीबीची एक पट्टी घेऊन आलो, एकोणीसशे रुपयांना, आणि घरी देवासमोरच्या पाटावर लॅपटॉप पालथा घालून शस्त्रक्रियेला बसलो. पट्टी बसेना. जोर लावला, तरी बसेना. पट्टीच्या मधे एक खाच असते आणि लॅपटॉपच्या घरात एक दात असतो. माझी खाच आणि त्याचा दात यांची गाठच पडेना. पुढे कळलं की मी डीडीआर-४ आणली होती आणि त्याला हवी होती डीडीआर-३, तीही ‘एल’वाली, कमी व्होल्टची. खाचेची जागा मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, माझ्यासारख्यांनी जबरदस्ती करू नये म्हणून. पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं ठळक छापलेलं होतं. ते एकोणीसशे मी ‘संकीर्ण’ या सदरात टाकले. बायकोचं ऑडिट अजून त्या पानापर्यंत पोचलेलं नाही.

शेवटी पुन्हा सांगलीच गाठली. एसटीने कराड, पेठ नाका, आष्टा करत, लॅपटॉप मांडीवर घेऊन. कंडक्टरने दोनदा विचारलं, "पोरगं आजारी हाय काय?"

सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला एका बोळात एक मिस्त्री बसतात. फलक नाही. चार फूट रुंद जागा, वर एक बल्ब, समोर पोटं उघडलेले पाच-सहा लॅपटॉप. सासऱ्यांच्या ओळखीचे. त्यांनी माझा लॅपटॉप हातात घेतला, कानाशी नेला, पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "जीव हाय की अजून यात."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण बोळात जागा नव्हती.

त्यांनी बोलता बोलता दहा-बारा स्क्रू काढले. पंख्यातून जे निघालं त्याला धूळ म्हणणं अन्याय होईल. ती उशी होती. अजिंक्यताऱ्यावरून येणाऱ्या अकरा उन्हाळ्यांच्या वाऱ्याची. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधे उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता. रॅमच्या दोन खाचा होत्या. एकीत चार जीबीची पट्टी, दुसरी रिकामी. पहिल्या दिवसापासून रिकामी! अकरा वर्षं मी दोन खोल्यांच्या घरात एकाच खोलीत संसार करत होतो आणि जागा पुरत नाही म्हणून कुरकुरत होतो.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे बँकेची रेकॉर्ड रूम आणि रॅम म्हणजे आपलं टेबल. टेबल लहान असलं की चार फायली मांडल्यावर पाचवीला जागा नसते. मग शिपाई एक फाईल रेकॉर्ड रूममध्ये ठेवून दुसरी आणतो, ती ठेवून पहिली आणतो. त्यात माझी रेकॉर्ड रूम जुन्या पद्धतीची. मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी तबकडी आणि तिच्यावर ग्रामोफोनसारखा हिंडणारा काटा. काटा जागेवर जाईपर्यंत थांबा. एसएसडी नावाच्या नव्या वस्तूत तबकडी नाही, काटा नाही, हलणारं काहीच नाही. मागितलेली फाईल हातात हजर. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा मेंदू म्हातारा झालेलाच नव्हता. त्याचा शिपाई दमला होता. आणि शिपाई दमला म्हणून आख्खी शाखा बंद करा असं सांगणारे लोक काउंटरच्या बाहेरही आहेत, एवढंच मला नव्याने कळलं. आतले मला माहीतच होते.

तारखेचं कोडंही सुटलं. आत एका रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, घड्याळ चालवणारा. तो संपला होता. पन्नास रुपये! पन्नास रुपयांच्या सेलपायी मी कित्येक महिने रोज सकाळी २०१४ सालात जागा होत होतो.

काम चालू असताना मिस्त्री २०१९ च्या महापुराबद्दल बोलत होते. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले संगणक पोत्यात घालून यांच्याकडे आणत. दुकानांचे हिशेब, डॉक्टरांचे कागद, कुणाचा पीएच.डी.चा प्रबंध. हे बोर्ड सुटे करायचे, आधी साध्या आणि मग शुद्ध पाण्याने धुवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशने घासायचे, वाळवायचे. "शंभरातलं पन्नास तरी उठवलं असतील," ते म्हणाले. "तवा कोण म्हणलं न्हाई, टाकून द्या म्हणून. नवीन घ्याया दुकानंच कुठं उघडी हुती?"

मी विचारलं, "आणि आता पूर आला तर?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातला एक लॅपटॉप पुढे ओढला. नवा कोरा, पाटीसारखा पातळ. रॅमची खाच नाही. रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. स्क्रू पाच पाकळ्यांचे, ज्यांचा पेचकस साध्या दुकानात मिळत नाही. "ह्यात मी काय करू, सांगा," ते म्हणाले. "रॅमचा एक दाणा गेला की बोर्डच बदला म्हणत्यात. बोर्डाची किंमत म्हंजे नवा लॅपटॉप."

आता इथे मला आवाज चढवणं भाग आहे. वस्तू बिघडते याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस बिघडतो, वस्तू का नाही बिघडणार? पण दुरुस्तच होऊ नये अशा बेताने वस्तू बांधायची आणि त्याला ‘स्लिम’ म्हणायचं, ही कुठली नीती? पैसे मी मोजले, पावती माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. आणि झाकण उघडायची परवानगी मात्र मला नाही? आमच्या बँकेतसुद्धा लॉकरची एक किल्ली ग्राहकाकडे असते हो!

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला जाऊन या. तिथल्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कारागीर ती पुन्हा घासून लावून देतो. खुंटी सैल झाली, खुंटी बदलतो. भोपळ्याला चीर गेली, सांधतो. आजोबांचा तंबोरा नातीच्या मांडीवर जातो. उद्या एखाद्या शहाण्याने तारा आतून चिकटवलेला, पाऊण इंच जाडीचा तंबोरा काढला आणि तार तुटली की तंबोरा बदला म्हणाला, तर मिरजकर त्याला त्याच तारेने बांधून ठेवतील. लॅपटॉपवाल्याला मात्र आपण म्हणतो, व्वा, काय हलका आहे!

सरकारला हे कळत नाही असं नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, संकेतस्थळ सुरू केलं. २०२४ साली समिती नेमली, वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण कसे द्यायचे ते ठरवायला. तिने २०२५ च्या मे महिन्यात अहवालही दिला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण छापावे लागतात: उघडता येतो का, भाग मिळतात का, त्यांची किंमत काय. म्हणजे तिकडे लॅपटॉपची प्रगतिपुस्तकं दुकानात टांगलेली असतात. आपल्याकडे फक्त गिऱ्हाइकाचा सिबिल स्कोअर बघतात.

मेहुण्याच्या पंथाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. सुरक्षितता. विंडोज १०ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मागाहून एक वर्षाची मुदतवाढ मिळायची सोय झाली, पण मुदतवाढ म्हणजे कर्जफेड नव्हे हे मला कुणी शिकवू नये. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा. चार पिढ्यांचं अंतर पडल्यावर सोयरीक जमत नाही, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. आणि डागडुजी बंद झालेल्या यंत्रावरून पैशाचे व्यवहार करू नका, हे मी काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना स्वतः सांगतो. ओटीपी सांगून बसलेले लोक मी रडताना पाहिले आहेत. तेव्हा या बाबतीत विनोद नको.

पण त्यावर उपाय काय फक्त चोपन्न हजार नऊशे नव्वद? मिस्त्रींनी नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट घालून दिलं. फुकट. त्याची डागडुजी चालू आहे, देवनागरी उमटते, आणि हिशेबाचे तक्ते निघतात. पहिले दोन दिवस मी नव्या शाखेत बदली झाल्यासारखा हिंडत होतो; कुठला खण कुठे ते सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडलं. बदलीची सवय आम्हाला असतेच. आमच्या आधीच्या पिढीतल्या बँकवाल्यांनी ऐंशीच्या दशकात संगणक येऊ नये म्हणून घोषणा दिल्या; मी तो जाऊ नये म्हणून देतोय. एवढाच काय तो चळवळीत फरक पडला.

सगळं खरं असलं तरी जळलेल्या बोर्डाला कवटाळून बसा असं मी म्हणत नाही. मिस्त्रींनीच माझ्यासमोर एका गृहस्थांना हात जोडून सांगितलं, "ह्यात पैसं घालू नका." जो माणूस कधी ‘राहू दे’ म्हणतो त्याच्याच ‘टाका’ला किंमत असते. आणि टाकायचं तरी घंटागाडीत नव्हे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत तो परत घेऊन नीट मोडण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. लॅपटॉप आयुष्यभरात जेवढं प्रदूषण करतो त्यातला मोठा वाटा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे माझा अकरा वर्षांचा म्हातारा आता जवळजवळ पापमुक्त आहे. नवा आणला की पुन्हा पहिल्यापासून पाप.

बिल सांगतो. एसएसडी अठराशे पन्नास, रॅम चौदाशे, बॅटरी सतराशे पन्नास, सेल पन्नास, सफाई-लेप-मजुरी सहाशे. डीव्हीडीचा खण काढून त्याच्या जागी जुनी हार्ड डिस्क बसवायची चौकट अडीचशे. पाच हजार नऊशे.

आता लॅपटॉप सोळा सेकंदांत चालू होतो. बायकोला पहिल्या दिवशी संशय आला. "अहो, नीट चालू झालाय ना? की अर्धवटच?"

राहिला तो काढलेला डीव्हीडीचा खण. तो मी मागून घेतला. आपल्या पैशाची वस्तू सोडायची कशाला? मिस्त्री म्हणाले, थांबा, आणि त्याच्या पुढच्या बारीक भोकात एक टाचणी खुपसली. खण टक्कन उघडला. आत एक तबकडी होती. वर चमकदार शाईत लिहिलेलं: ‘शुभविवाह, सांगली, २०१५’.

माझ्या मेहुण्याच्या लग्नाची डीव्हीडी! ही डीव्हीडी हरवल्यावरून त्या घरात जे झालं ते मी लिहू शकत नाही. फोटोग्राफरने दुकान बंद केलेलं, दुसरी प्रत नाही, आणि "तुमच्याच माणसांनी हरवली" या वाक्याला दोन्हीकडच्या माणसांनी पाच वर्षं तेल घातलेलं. आणि ती सगळा काळ साताऱ्यात, माझ्या पोटात, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात होती.

मी मेहुण्याला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात, "दाजी, आमच्याकडं एकाबी लॅपटॉपला डीव्हीडीचा खणच न्हाई ओ."

"मग नवीन घे की," मी म्हणालो.

मिस्त्रींनी त्या खणाला यूएसबीची डबी करून दिली. आणखी साडेतीनशे. पुढच्या रविवारी मेहुणा बायकोसकट, भडंगाची दोन पाकिटं घेऊन साताऱ्यात हजर. मी लॅपटॉप उघडला. सोळा सेकंदं. डबी जोडली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. सासरे दहा वर्षांनी तरुण. मेहुण्याच्या डोक्यावर भरघोस केस. त्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मंगलाष्टकं सुरू झाली, एक झालं, दोन झाली, चौथ्याला गुरुजींनी पुन्हा सूर लावला, तेव्हा मेहुणा माझ्याकडे वळून कुजबुजला,

"दाजी, हे जरा फास्ट न्हाई का हुणार?"